जुन्या शिडाच्या नौकेची बांधणी कशी पारखावी

४ सप्टेंबर २०२२ रोजी फ्रान्समधील ले साब्ल-द'ओलोन बंदरातून ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत सुरू झाली. भारतीय नौदलाचे निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी यांनी एकट्याने आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून तीत दुसरा क्रमांक मिळवला. ‘रस्लर ३६’ या ब्रिटिश बनावटीच्या नौकेतून त्यांनी ही सफर केली. या शर्यतीचा नियमच असा आहे की नौका ३२ ते ३६ फूट लांबीची आणि तिचा आराखडा १९८८ पूर्वीचा असावा. त्यामुळे अनेक स्पर्धक जुनी फायबरग्लासची नौका विकत घेतात आणि ती नव्याने सज्ज करून दक्षिण महासागरात उतरतात. जुनी नौका घेऊ पाहणाऱ्याच्या मनात वयाची जी धास्ती असते, ती या एका उदाहरणाने बरीच कमी व्हावी.

१९५९ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडल्या गेलेल्या ‘पिअरसन ट्रायटन’ या २८ फुटी नौकेपासून अमेरिकेत फायबरग्लासच्या शिडाच्या नौका मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या आणि त्यांपैकी अनेक आजही पाण्यावर आहेत. काचेचे तंतू पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून तयार केलेला हा पदार्थ लाकडासारखा कुजत नाही आणि लोखंडासारखा गंजत नाही. उन्हाचा परिणामही मुख्यतः वरच्या रंगीत थरावर, म्हणजे जेलकोटवर होतो. नौका जुनी होते ती प्रामुख्याने सांध्यांत, भोकांत आणि दोन वेगळे पदार्थ जिथे एकमेकांना भेटतात त्या जागी, कारण पाणी तिथूनच आत शिरते. बांधणाऱ्याचा प्रामाणिकपणाही चकचकीत पृष्ठभागावर कळत नाही, तो याच जागी कळतो.

डेकपासून, म्हणजे नौकेच्या वरच्या, चालण्याच्या पृष्ठभागापासून सुरुवात करू. फायबरग्लास मजबूत असते, पण सहज वाकते. हाताने थर देऊन बनवलेल्या फायबरग्लासचा ताठपणा पोलादाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. मात्र फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. सुरुवातीच्या बांधणाऱ्यांनी म्हणूनच नौकेचा तळ भरपूर जाड ठेवला. डेक मात्र जड करून चालत नाही, कारण उंचावरचे वजन नौकेचे स्थैर्य कमी करते. त्यासाठी फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा चिकटवण्याची पद्धत रूढ झाली. या रचनेचा सगळा ताठपणा थर आणि गाभा एकमेकांना घट्ट चिकटलेले असण्यावर अवलंबून असतो. पाणी मुरून गाभा कुजला की वरचा आणि खालचा थर स्वतंत्रपणे वाकू लागतात आणि पायाखाली डेक दबल्याचे जाणवते.

तपासणीची पद्धत साधी आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने डेकवर वीतभर अंतराने ठोकत जावे. निकोप जागी खणखणीत आवाज येतो, तर सुटलेल्या किंवा कुजलेल्या जागी तो बद्द येतो. कप्पी, कठड्याचे खांब आणि डोलकाठीचा पाया यांच्याभोवती विशेष लक्ष द्यावे. ओलावा मोजणारे विद्युत यंत्रही वापरले जाते, पण आतला धातू किंवा पृष्ठभागावरचा दमटपणा त्याला सहज फसवतो, म्हणून केवळ त्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. मालकाने परवानगी दिली तर एखादा बोल्ट काढून भोकाची कड पाहावी. तिथे बाल्साऐवजी भरीव फायबरग्लास किंवा इपॉक्सी या चिवट रेझिनची भर आढळली, तर बांधणाऱ्याने पुढच्या तीस वर्षांचा विचार केला होता असे खुशाल समजावे. कच्चा गाभा उघडाच सोडलेला दिसला, तर बाकीच्या भोकांतही तेच असण्याची शक्यता मोठी असते.

गाभ्यात लाकूड असणे हा मुळात दोष नाही. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’चा सांगाडा सीडारच्या पट्ट्यांवर इपॉक्सी आणि काचेचे तंतू चढवून केलेला आहे, आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये त्याच नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. लाकडापर्यंत पाणी पोहोचू दिले नाही की ते उत्तम काम देते.

पाण्याखालच्या भागावर फोड दिसले की खरेदीदार घाबरतात, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त घाबरतात. जेलकोटमधून पाण्याचे रेणू फार सावकाश आत झिरपतात आणि रेझिनमधले विरघळणारे अंश सोबत घेऊन आत दाट द्राव तयार होतो. मग परासरणामुळे बाहेरचे पाणी त्या द्रावाकडे ओढले जाते, दाब वाढतो आणि फोड उठतो. तो फोडल्यावर येणारा चिकट, आंबूस वासाचा द्राव ही त्याची खूण. ‘व्हॅलियंट ४०’ या नावाजलेल्या अमेरिकी नौकेच्या १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील प्रती अग्निरोधक रेझिनमुळे फोडांसाठी कुप्रसिद्ध झाल्या. म्हणून नौकेचे नाव पुरेसे नसते, बांधणीचे वर्षही विचारावे. जेलकोटखालचे थोडे फोड किमतीत घासाघीस करण्याजोगे असतात. फायबरग्लासचे थरच एकमेकांपासून सुटत असतील, तर मात्र प्रकरण गंभीर आहे.

धातूच्या बाबतीत अधिक सावध राहावे. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा अतिपातळ पापुद्रा टिकण्यासाठी प्राणवायू लागतो. डेकमधून आरपार जाणाऱ्या पट्ट्यांना, ज्यांना डोलकाठीच्या तारा जोडलेल्या असतात, ओल्या फटीत तो मिळत नाही आणि तिथे नजरेआड खोल खड्डे पडतात. बाहेरून चकाकणारी पट्टी मधोमध निम्मी उरलेली असू शकते. तळातील झडपा साध्या पितळेच्या असतील, तर खाऱ्या पाण्यात त्यांतले जस्त निघून जाते आणि उरलेला गुलाबी, ठिसूळ धातू एखाद्या धक्क्यानेही मोडतो. त्या कांस्याच्या असाव्यात.

सर्वांत महत्त्वाचा सांधा कीलचा, म्हणजे नौकेला सरळ ठेवणाऱ्या तळाखालच्या जड पात्याचा. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही ४० फुटी नौका अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि तिच्यावरचे चौघेही गेले. पूर्वी तळ जमिनीला लागल्याच्या घटना आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांमुळे कीलजवळची रचना कमकुवत झाली असावी, असे ब्रिटिश अपघात-तपास यंत्रणेने नोंदवले. ती नौका जेमतेम आठ वर्षांची होती. म्हणून कीलच्या मागच्या टोकाशी नौकेच्या आतल्या बाजूला भेगा आहेत का, आतली चौकट तळापासून सुटली आहे का, आणि बोल्टांभोवती गंजाचे ओघळ आहेत का, हे टॉर्च घेऊन, आतल्या जमिनीच्या फळ्या उचलून पाहावे. जिथे हे बोल्ट फर्निचर न तोडता दिसतात, ती बांधणी मी वरच्या दर्जाची मानतो.

शेवटची तपासणी पाण्यावर होते आणि ती सौदा पक्का करण्यापूर्वी मागून घ्यावी. पंधरा-वीस नॉट वाऱ्यात नौका वारा येतो त्या बाजूला तिरकी हाकत असताना आत जाऊन शौचालयाचे दार उघडून पाहावे. ते चौकटीत अडकत असेल, तर नौकेचा सांगाडा ताणाखाली पिळवटतो आहे आणि आतल्या आडव्या भिंतींचे तळाशी असलेले सांधे बहुधा सुटले आहेत. अशी नौका प्रशिक्षित सर्वेअरने, म्हणजे नौका-तपासनिसाने, पाण्याबाहेर काढून तपासल्याशिवाय तिच्यासाठी एक रुपयाही आगाऊ देऊ नये.