बोनसाय: झाड लहान की तबक उथळ?

मराठीत बोनसायला ‘वामनवृक्ष’ म्हणतात आणि गफलत तिथूनच सुरू होते. मूळ शब्दात झाडाच्या उंचीचा उल्लेखच नाही. ‘बोन’ म्हणजे उथळ तबक, ‘साय’ म्हणजे लावणी.

ही कला जपानात गेली ती चीनमधून. चीनमधल्या एका राजपुत्राच्या थडग्यात, इ.स. 706 च्या भित्तिचित्रात, सेवकाच्या हाती दगड आणि रोपं मांडलेलं तबक दिसतं. जपानात मात्र फार काळ ‘हाची-नो-की’, म्हणजे कुंडीतलं झाड, हाच शब्द चालत होता आणि ती कुंडी खोल असे. ‘बोनसाय’ हा शब्द सर्रास झाला तो 19व्या शतकाच्या उत्तरार्धात, मेइजी काळात. उथळ तबकाची आवडही तेव्हाच पक्की झाली.

या बदलाने पाण्याचं गणित पालटलं. जास्तीचं पाणी वाहून गेल्यावरही कुंडीच्या तळाशी एक थर चिंब राहतो. त्याची उंची ठरते मातीच्या कणांच्या आकारावर, कुंडीच्या खोलीवर नाही. समजा बारीक मातीत हा थर 5 सेंमीचा आहे. 30 सेंमी खोल कुंडीत वरच्या मुळांना हवा मिळते. तीच माती 5 सेंमीच्या तबकात भरली तर वरपासून खालपर्यंत चिखल होतो आणि मुळं गुदमरून कुजतात. पडताळा सोपा आहे: पाणी घाला, ठिबकणं थांबू द्या, मग तबक एका बाजूने उचलून तिरपं धरा. आणखी पाणी गळतं. तळाशी खडी पसरण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, पण तो चुकीचाच आहे. चिंब थर खडीच्या वर येऊन बसतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. खरा उपाय म्हणजे सगळं मिश्रणच 3 ते 6 मिमी दाण्यांचं ठेवणं आणि बारीक भुकटी चाळून टाकणं.

1923 च्या भूकंपानंतर तोक्योतले काही बोनसाय व्यावसायिक उत्तरेला ओमियात गेले. 1925 मध्ये तिथे बोनसाय गाव वसलं. तोक्योच्या आसपासच्या या कांतो भागात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली दाणेदार तांबडी माती मिळते, ती ‘अकादामा’. पाणी धरते, हवाही खेळू देते. पुढे जगभर तिचं नाव झालं, तरी ती अनिवार्य नाही. प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), लाव्हा खडा, विटेचे चाळलेले तुकडे हेही चालतात. शिवाय अकादामाचे दाणे काही वर्षांत फुटून पीठ होतात आणि निचरा बंद पडतो. दर 2-3 वर्षांनी रिपॉटिंग करून, म्हणजे झाड काढून नव्या मातीत लावताना, मुळांचा साधारण तिसरा हिस्सा छाटायचा, त्यामागे वाढलेल्या मुळांइतकंच हेही कारण आहे.

‘वामन’ शब्दाने मात्र वेगळंच नुकसान केलं. झाड लहान ठेवायचं तर खत-पाणी तोडायचं, ही समजूत त्यातूनच बळावते. झाड लहान राहतं ते शेंडे खुडल्याने आणि मुळं छाटल्याने. दाणेदार मिश्रणात अन्नद्रव्यं नसल्यासारखीच असतात आणि जी घालू ती पाण्याबरोबर वाहतात, म्हणून वाढीच्या काळात पातळ खत वारंवार द्यावंच लागतं. पानं छाटणीने हळूहळू बारीक होतात, पण फळं आणि फुलं मूळ मापाचीच राहतात. तेव्हा निवड मुळातच लहान फळाच्या जातीची करावी.

तबकात लावायचं कधी, यावर मतं वेगळी आहेत. छोटेखानी रचनेसाठी कोवळं रोप थेट तबकात लावणारे आहेत. जाड, निमुळतं खोड हवं असेल तर ते चुकतं. खोड जाडावतं ते मोकळ्या वाढीने, म्हणून आधी 3 ते 5 वर्षं जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत, आणि तबक सगळ्यात शेवटी.

20व्या शतकाच्या शेवटच्या दशकांत निर्यातीसाठी फायकससारखी (वड-पिंपळाच्या वर्गातली) उष्ण प्रदेशातली झाडं मोठ्या संख्येने तयार होऊ लागली आणि ‘इनडोअर बोनसाय’ हा आणखी एक फसवा शब्द आला. घरात टिकतात ती हीच, तीही खिडकीच्या भरपूर उजेडात. जुनिपर, पाइन या सूचिपर्णी झाडांना उघडं आकाश आणि हिवाळ्याची विश्रांती लागते. दिवाणखान्यात जुनिपर मेल्यावरही काही आठवडे हिरवाच दिसतो, त्यामुळे मालक त्याला पाणी घालत राहतो. अशी झाडं विकताना मातीवर बऱ्याचदा खडे चिकटवलेले असतात. खाली नेमकी बारीक, पाणी धरून ठेवणारी माती असते आणि वरून घातलेलं पाणी खड्यांवरूनच कडेला ओघळतं. झाड घरी आणल्यावर आधी ते खडे काढावेत. पूर्ण माती बदलायची ती झाडाचा रिपॉटिंगचा हंगाम आल्यावर.