ब्रॉन्कियल कार्सिनॉइड : नाव कडक होत गेले, शस्त्रक्रिया सौम्य

फुफ्फुसातील सर्व गाठींमध्ये कार्सिनॉइडचे प्रमाण जेमतेम 1 ते 2 टक्के भरते. ही गाठ बहुधा मोठ्या श्वासनलिकेच्या आतल्या अंगाला सावकाश वाढते. तिच्यात रक्तवाहिन्या भरपूर असल्याने खोकल्यातून रक्त पडते, आणि नलिका अडली की एकाच भागात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. नेहमीचा प्रकार धूम्रपानाशी फारसा जोडलेला नाही व तो तुलनेने तरुण वयात आढळतो, त्यामुळे कित्येक रुग्णांवर आधी दम्याचे उपचार होतात. थुंकीत रक्त दिसले की पहिला संशय क्षयाचा येणाऱ्या आपल्या देशात निदान आणखी लांबू शकते.

‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखा, हा शब्द झीगफ्रीड ओबेर्नडॉर्फर यांनी 1907 मध्ये आतड्यातील गाठींसाठी वापरला. फुफ्फुसातल्या गाठीला मात्र दीर्घकाळ ‘ब्रॉन्कियल अडेनोमा’ म्हटले जाई. अडेनोमा म्हणजे निरुपद्रवी गाठ, असा अर्थ त्या नावातच होता. 1937 मध्ये हेरविग हाम्पेर्ल यांनी या ‘अडेनोमां’चे दोन गट पाडले आणि त्यांतल्या एका गटाचे आतड्यातील कार्सिनॉइडशी असलेले साम्य दाखवले. तरीही जुने नाव पुढे बरीच वर्षे टिकले, आणि या नावाने रुग्णांचे भले केले असे म्हणता येणार नाही. गाठ निरुपद्रवी मानली की दुर्बिणीतून ती खरवडून काढणे पुरेसे वाटते. प्रत्यक्षात तिचा दिसणारा भाग अनेकदा लहान असतो आणि मोठा भाग नलिकेच्या भिंतीपलीकडे पसरलेला असतो.

छाती उघडून करायची शस्त्रक्रियाही त्या काळी नवीनच होती. 5 एप्रिल 1933 रोजी सेंट लुइस येथे एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या एका डॉक्टरचे संपूर्ण डावे फुफ्फुस एकाच बैठकीत काढले. ग्रॅहम स्वतः 1957 मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्यांचा हा रुग्ण त्यांच्यानंतरही जगला. या यशानंतर एक अख्खे फुफ्फुस काढणे हा मान्य मार्ग ठरला. पण जी गाठ वर्षानुवर्षे संथपणे वाढते तिच्यासाठी, तीही तरुण रुग्णात, एवढी किंमत मोजावी का, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर 1947 मध्ये इंग्लंडमध्ये क्लेमेंट प्राइस थॉमस यांनी दिले. हवाई दलातील एका उमेदवाराच्या उजव्या मुख्य श्वासनलिकेत अशी गाठ होती. त्यांनी नलिकेचा तेवढाच रोगट तुकडा काढून उरलेली टोके एकमेकांना शिवली. शिंप्याने बाहीचा मधला पट्टा काढून दोन्ही कडा जोडाव्यात तसे हे काम असल्याने त्याला ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया म्हणतात. फुफ्फुस वाचवणारे हे तंत्र पुढे नेहमीच्या कर्करोगातही रूढ झाले, पण त्याचा उगम या दुर्मीळ गाठीत आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

दरम्यान सर्वच कार्सिनॉइड सारखे वागत नाहीत, हे लक्षात येऊ लागले होते. 1972 मध्ये मेयो क्लिनिकमधील आरिगोनी व सहकाऱ्यांनी ‘अटिपिकल’, म्हणजे अधिक आक्रमक, प्रकाराचे निकष मांडले. आज सूक्ष्मदर्शकाखाली 2 चौरस मिलिमीटर क्षेत्रात 2 ते 10 पेशी विभाजनाच्या अवस्थेत दिसल्या किंवा पेशीमृत्यूचे ठिपके आढळले, तर गाठ या प्रकारात मोडते. ‘टिपिकल’, म्हणजे नेहमीच्या, प्रकारात शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण साधारण 90 टक्के किंवा अधिक असते. अटिपिकलमध्ये ते बरेच खाली येते आणि लसिका ग्रंथींत प्रसारही अधिक वेळा आढळतो. म्हणूनच गाठ छोटी दिसली तरी शल्यचिकित्सक आसपासच्या लसिका ग्रंथी काढून तपासणीला पाठवतात.

इतर अनेक कर्करोगांत पाच वर्षांचा टप्पा मोठा दिलासा देतो, इथे तो तितका भरवशाचा नाही. दहा वर्षे उलटल्यावरही यकृतात किंवा हाडांत गाठ पुन्हा दिसल्याची उदाहरणे आहेत, आणि शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्या रुग्णालाही, विशेषतः अटिपिकल प्रकारात, दशकभर किंवा त्याहून अधिक काळ स्कॅनसाठी बोलावले जाते ते याच कारणाने.