सिंहस्थाच्या तोंडावर: श्रद्धेला विज्ञानाची कसोटी लावण्याचा जुना वाद

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये एक प्रश्न हमखास वर येतो. श्रद्धेची पारख विज्ञानाने करावी का? 2026-27 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने तो पुन्हा विचारला जातो आहे. प्रश्न जुना आहे आणि त्याची बरीच वाट याच जिल्ह्यातून गेलेली आहे.

सुरुवात सिंहस्थापासूनच करू. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे 11.86 वर्षे लागतात, म्हणून साधारण 12 वर्षांनी तो पुन्हा सिंह राशीत येतो. पण कोणत्या सिंह राशीत? आपली पंचांगे निरयन गणित धरतात, म्हणजे राशी स्थिर ताऱ्यांवरून मोजतात, त्यानुसार मागच्या वेळी गुरू 14 जुलै 2015 ला सिंहेत आला. सायन गणिताने, म्हणजे राशी वसंत संपातापासून मोजल्या तर, तो जुलै 2014 मध्येच आलेला होता. गुरू आकाशात नेमका कुठे आहे हे विज्ञान चोख सांगते. राशीची सीमा कुठून मोजायची हे माणसांनी ठरवलेले आहे. त्या काळात गोदावरीत स्नान केल्याने पुण्य लागते की नाही, हे मात्र कोणत्याही दुर्बिणीतून दिसणार नाही. 'सिंहस्थात लग्न केले तर संसार टिकत नाही' असे कोणी म्हणाले, तर गोष्ट बदलते. ते विधान तपासता येते, आणि जे तपासता येते ते तपासलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

नाशिकमध्ये श्रद्धेला सर्वांत मोठे आव्हान मिळाले ते प्रयोगशाळेतून नव्हे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो सत्याग्रही दारात उभे राहिले, रामनवमीला दगड खाल्ले, आणि अनेक वर्षे लढूनही दार उघडले नाही. विटाळ होतो ही समजूत खरी की खोटी, याचा पुरावा दारामागच्या कोणीच मागितला नव्हता. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. पुढे 1950 मध्ये बुद्धाच्या धर्माच्या भवितव्यावर लिहिताना त्यांनी स्पष्ट मांडले की, धर्म टिकायचा असेल तर तो बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी सुसंगत हवा. शिवाय स्वातंत्र्य, समता, बंधुता त्याने मानलीच पाहिजे. हा दुसरा निकष अनेकजण विसरतात. एखादी रूढी निरुपद्रवी वाटली तरी ती माणसाला हीन ठरवत असेल, तर बाबासाहेबांच्या कसोटीवर ती नापास होते. विज्ञानाच्या आधी न्यायाने श्रद्धेची परीक्षा घेतली, ती इथे.

1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य झाले. 1989 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. देवाधर्माबाबत तटस्थ राहायचे आणि शोषणाला विरोध करायचा, ही त्यांची भूमिका. 2008 मध्ये ते आणि डॉ. जयंत नारळीकर यांनी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्या ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहिल्या. बरोबर उत्तरे निघाली 46 टक्के. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती. अशी चाचणी मला प्रामाणिक वाटते, कारण तिने कोणाचीही भक्ती मोजली नाही, फक्त दावा मोजला. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत झाला. तोही श्रद्धेला हात लावत नाही. अघोरी कृत्ये आणि फसवणूक त्याच्या कक्षेत येतात.

गोदावरीतल्या रामकुंडावर श्रद्धा आणि तपासता येणारा दावा एकाच पायरीवर भेटतात. इथे अस्थी विरघळतात, असे मानतात. हाडांत मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट असते, आणि नदीच्या साध्या पाण्यात ते सहज विरघळत नाही. पण आईच्या अस्थी घेऊन आलेला मुलगा रसायनशास्त्राचा दावा करायला आलेला नसतो. तीर्थोपाध्यांच्या नामावळीत आजोबांचे नाव सापडल्यावर त्याला जे वाटते, त्यावर विज्ञानाने काही बोलायचे नसते.

पाण्याबद्दल मात्र बोलायलाच हवे. 2015 मध्ये शाहीस्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडण्यावरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. पुढच्याच उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत नाशिकच्या गोदावरीचे नाव आहे. स्नानाच्या पाण्यात बीओडी, म्हणजे त्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या आत हवा, असा निकष आहे. नदी पवित्र आहे म्हणून हा आकडा सैल होत नाही. येत्या पर्वणीला त्या त्या दिवसाचे मोजमाप रामकुंडावर मराठीत आणि हिंदीत फलकावर लावले पाहिजे. बाहेरगावचा भाविक स्थानिक वर्तमानपत्र वाचून पाण्यात उतरत नाही.