कत्रिनानंतर न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीय लोकसंस्कृतीचे जतन

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराला २९ ऑगस्ट २००५ रोजी कत्रिना चक्रीवादळाने गाठले. पूरबंधारे फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. लोअर नाइन्थ वॉर्डसारख्या आफ्रिकी-अमेरिकी वस्त्यांतील लोक ह्यूस्टन, अटलांटापर्यंत पांगले. या वस्त्यांची संस्कृती मुख्यतः मिरवणुकीची. माणसे नसतील तर ती उभी राहत नाही.

मार्डी ग्रा या कार्निव्हलच्या सणाला अमेरिकेच्या मूलनिवासींच्या धर्तीवरचे पोशाख घालून निघणारे कृष्णवर्णीयांचे गट म्हणजे ‘मार्डी ग्रा इंडियन’ टोळ्या. त्यांचा पोशाख दरवर्षी नवा शिवतात. कॅनव्हासवर चित्र रेखून बारीक सुईने दोन-दोन, तीन-तीन मणी ओवत टाके घालायचे. असे तुकडे पुठ्ठ्यावर चढवून भोवती शहामृगाची पिसे लावायची. यात महिनेच्या महिने जातात. पुराच्या पाण्यात पुठ्ठ्याचा लगदा होतो, पिसे कुजतात. काचेचे मणी टिकतात, पण दोरा कुजला की ओघळतात. म्हणून भिजलेला तुकडा टोकाला धरून उचलू नये. खाली जाळी सरकवून आडवाच काढावा, स्वच्छ पाण्याने हलके धुवावा आणि सावलीत पंख्याखाली वाळवावा.

छायाचित्रांना बुरशी साधारण ४८ तासांत धरते. ओली असतानाच थंड स्वच्छ पाण्यात ती सुटी करावीत. चिकटलेली ओढू नयेत. वेळ नसेल तर मेणकागद मध्ये घालून गोठवावीत. न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र कित्येक रहिवाशांना आठवडेच्या आठवडे घरी परतू दिले नाही, त्यामुळे हे शास्त्र बहुतेक घरी उशिराच पोचले.

मिरवणुकीची अडचण वेगळी होती. परस्परसाहाय्यातून उभे राहिलेले ‘सोशल एड अँड प्लेझर क्लब’ रविवारी ब्रास बँडसह ‘सेकंड लाइन’ नावाची मिरवणूक काढतात. जानेवारी २००६ मधील अशा मिरवणुकीच्या वेळी गोळीबार झाला आणि पोलिसांनी बंदोबस्ताचे शुल्क भरमसाट वाढवले. सभासद अजून परगावी, त्यात हा भुर्दंड. क्लब संघराज्य न्यायालयात गेले; २००७ मधील तडजोडीत शुल्क कमी झाले. संग्रहालयाच्या कपाटापेक्षा या दाव्याने अधिक वाचवले, असे म्हणता येईल.

तरी संग्रहही झाले. रोनाल्ड लुइस यांचे लोअर नाइन्थमधील परसातले संग्रहालय ‘हाउस ऑफ डान्स अँड फेदर्स’ पुरात गेले. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या मदतीने ते पुन्हा बांधले. ट्रेमे भागातील ‘बॅकस्ट्रीट कल्चरल म्युझियम’ची इमारत २०२१ च्या आयडा वादळात नुकसान पावली, २०२२ मध्ये संग्रह त्याच भागात दुसऱ्या जागी खुला झाला.