काटा हलण्याआधी इंजिन बोलतं

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या की कसारा, खंडाळा, आंबोली, कुठल्याही घाटात एक दृश्य ठरलेलं असतं. रस्त्याच्या कडेला गाडी, बॉनेट वर, आतून वाफेचे लोट, आणि घरची मंडळी सापडेल त्या सावलीत. विचारलं तर उत्तरही ठरलेलं: "अहो, काटा तर आत्ता-आत्तापर्यंत मधोमध होता!"

त्यांचं म्हणणं खरंच असतं. बऱ्याच गाड्यांमध्ये तापमानाचा काटा मुद्दाम शांत ठेवलेला असतो. पाणी ८० अंशांवर असो की १०० च्या पुढे गेलेलं असो, काटा मध्येच उभा राहतो, कारण तो सतत हलला तर गिऱ्हाईक घाबरून वर्कशॉप गाठतं. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. शिवाय सेन्सर मोजतो ते पाण्याचं तापमान, तेही एकाच जागचं. होज (पाण्याची रबरी नळी) फाटून पाणी वाहून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि धातू भाजत असताना आकडा खाली येऊ शकतो. आवाजाचं तसं नाही. जिथे बिघाड, तिथूनच तो निघतो आणि बहुतेक वेळा काट्याच्या आधी येतो.

आधी हिशोब पाहू. पेट्रोलच्या उष्णतेतला जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. साधारण तेवढाच सायलेन्सरमधून जातो आणि तेवढाच इंजिनभोवतीच्या पाण्यात उतरतो. वाईहून महाबळेश्वरला जायचं म्हणजे गाडी सुमारे ६०० मीटर वर उचलायची. माणसांसकट १,४०० किलोच्या गाडीला नुसत्या उचलण्यालाच सुमारे ८२ लाख ज्यूल लागतात, आणि जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात जाते. हे पाणी वाऱ्याने गार करणारा रेडिएटर नसता तर आतल्या ५ लिटर पाण्यातलं ३ लिटर वर पोचेपर्यंत वाफ होऊन उडालं असतं. त्यात घाटात गाडी सेकंड गिअरमध्ये, वेग कमी, म्हणजे रेडिएटरवर येणारा वाराही कमी.

सिलिंडरमधला जळता वायू २,००० अंशांच्या वर जातो. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, शाबूत राहतं ते दोन अतिशय पातळ थरांच्या कृपेने. एक थर सिलिंडरच्या आत, धातूला चिकटून राहिलेल्या, तुलनेने थंड वायूचा. हा थर धातूला वाचवतो. दुसरा थर धातूच्या पाण्याकडच्या अंगाला तयार होऊ शकतो, वाफेचा, आणि तो धातूला मारतो. इंजिन तापणं म्हणजे पहिला थर फाटणं किंवा दुसरा थर बसणं. दोन्ही घटना आवाज करतात.

दुसऱ्या थराबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण उकळण्याइतकी ओळखीची आणि इतकी कमी समजलेली गोष्ट दुसरी नसेल.

चहाचं आधण ठेवा आणि कान द्या. उकळी फुटायच्या बऱ्याच आधी पातेलं गायला लागतं. तळाशी लागून असलेलं पाणी १०० अंशांच्या वर गेलेलं असतं, तिथे बुडबुडे जन्मतात, वर सुटतात, पण वरचं पाणी अजून थंड असल्यामुळे त्यातली वाफ क्षणात पाणी होते आणि बुडबुडा मिटतो. भोवतालचं पाणी त्या पोकळीत आदळतं. असे हजारो आघात मिळून तो 'सूंऽऽ' होतो. सगळं पाणी तापलं की बुडबुडे न मिटता वरपर्यंत पोचतात. मग गाणं थांबतं आणि खळखळ सुरू होते. पाणी सर्वात मोठा आवाज करतं ते उकळण्याच्या आधी. बुडबुडा मिटताना केवढा दाब तयार होतो याचं गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं, कारण जहाजांचे पंखे अशाच मिटणाऱ्या पोकळ्यांनी खड्डे पडून खराब होत होते. डिझेल इंजिनांच्या सिलिंडर लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या धातूच्या नळीवर) पाण्याच्या बाजूने सुई टोचल्यासारखी भोकं पडतात, तीही त्याच कारणाने.

निरोगी इंजिनातही हे उकळणं चालू असतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) आसपास हेडचा धातू पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापलेला असतो. तिथे बुडबुडे उठतात आणि वाहतं पाणी त्यांना ओढून नेऊन मिटवतं. हे वाईट तर नाहीच, उलट हवंहवंसं आहे: एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला २,२५७ ज्यूल लागतात, तेच पाणी एका अंशाने तापायला फक्त ४.२. छोट्या जागेतून प्रचंड उष्णता काढून घेण्याचा याहून चांगला उपाय नाही.

पण याला एक मर्यादा आहे. जपानमध्ये सेंदाई इथे शिरो नुकियामा यांनी १९३४ मध्ये पाण्यात बुडवलेल्या बारीक तारेतून वीज सोडून ती मर्यादा मोजली. उष्णता वाढवत नेली तशी तार भराभर बुडबुडे सोडत राहिली, तारेचं तापमान मात्र फार चढलं नाही. एका टप्प्याला बुडबुडे इतके दाटले की एकमेकांत मिसळून तारेभोवती वाफेचं सलग आवरण झालं. वाफेतून उष्णता पाण्याच्या मानाने पंचवीस पट कमी वाहते. तारेला पाणी शिवेना, तिचं तापमान एकदम उसळलं आणि नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार पाण्यात बुडालेली असतानाच वितळली. पुढचं मोजायला त्यांना प्लॅटिनम घ्यावं लागलं.

इंजिनात ही मर्यादा खाली आणणाऱ्या गोष्टी तीन. पाण्याचा प्रवाह मंदावणं, पाण्याचं तापमान वाढणं, आणि दाब कमी होणं. पहिल्या दोन सगळ्यांना सुचतात. तिसरीकडे लक्ष जात नाही, कारण ती रेडिएटरच्या साध्या झाकणात दडलेली आहे. त्या झाकणातली स्प्रिंग आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे १ बारने (साधारण हवेच्या दाबाइतका) जास्त ठेवते, त्यामुळे साधं पाणीसुद्धा १२० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट (पाण्यात मिसळायचं रसायन), निम्मं पाणी असेल तर आणखी वर. आता झाकणाचं रबर कडक होऊन फाटलंय असं समजा. महाबळेश्वर १,३५० मीटरवर, तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. इंजिनाचं रोजचं तापमान ९० च्या आसपास. म्हणजे १२० अंशांपर्यंतची सगळी मोकळीक एका रबरी वॉशरमुळे पाच-सहा अंशांवर आली. गाडीत एरवी काहीही बिघडलेलं नसताना!

आणि याच दाबामुळे तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये. १२० अंशांचं ५ लिटर पाणी अचानक मोकळं झालं तर ते १०० अंशांवर उतरताना ४२० किलोज्यूल सोडतं. त्यात सुमारे १८५ ग्रॅम पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेला जागा लागते ३०० लिटरहून अधिक. ही वाफ उरलेलं उकळतं पाणी बरोबर घेऊन एका वाटीएवढ्या तोंडातून बाहेर येते. फडकं धरून उघडलं तरी हात, चेहरा, डोळे भाजतात. कडेलाच उभं राहून किमान अर्धा-पाऊण तास थांबा, वरची होज हाताला नरम आणि कोमट लागेपर्यंत.

चालू इंजिनाच्या गोंगाटात बुडबुड्यांचं गाणं ऐकू येत नाही. दोन जागी मात्र येतं. एक, डॅशबोर्डच्या मागे. तिथे हीटरचा छोटा रेडिएटर असतो. पाणी कमी होऊन हवा किंवा वाफ शिरली की त्यातून गुळगुळ ऐकू येते, गाडी चालू करताना किंवा रेस करताना विशेष. काटा मध्ये असताना येणारा हा आवाज म्हणजे माझ्या मते सर्वात मोलाची सूचना. दुसरी वेळ इंजिन बंद केल्यावरची. पंप थांबतो, धातू मात्र तापलेलाच असतो, आणि साचलेलं पाणी बॉनेटखाली खदखदतं. बोअरचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या गाड्यांत हे जास्त, कारण क्षाराचा थर लोखंडाच्या कितीतरी पट कमी उष्णता वाहून नेतो. गाडी बंद केल्यावर येणारी बारीक टिक-टिक मात्र वेगळी. ती गार होताना आकसणाऱ्या एक्झॉस्टच्या पत्र्यांची, तिला घाबरायचं कारण नाही.

आता पहिला थर, सिलिंडरच्या आतला. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की 'टर्रर्र' किंवा खिळे डब्यात हलवल्यासारखा आवाज येतो, मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. स्पार्कने पेटलेली ज्योत पसरत असताना कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप, एकदम पेटतं. त्यातून निघालेली दाबाची लाट सिलिंडरमध्ये या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटते. सिलिंडरचा व्यास ८ सेंटिमीटर आणि तापलेल्या वायूतला ध्वनिवेग सेकंदाला ९५० मीटर धरला, तर वर्तुळाकार पोकळीच्या सूत्राने (१.८४ गुणिले वेग, भागिले π गुणिले व्यास) कंपनसंख्या ७,००० हर्ट्झच्या आसपास येते. इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, म्हणजे ब्लॉकवर, बसवलेला नॉक सेन्सर हीच कंपनसंख्या ऐकत असतो. या लाटा धातूला चिकटलेला वायूचा संरक्षक थर पुसून काढतात, भिंतीत जास्त उष्णता शिरते, भिंत तापते, आणि तापलेल्या भिंतीमुळे पुढचं नॉकिंग आणखी सहज होतं. एकदा हे चक्र फिरलं की पाणी कमी पडतं. नव्या गाडीत सेन्सरने नॉकिंग ओळखताच कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो, म्हणून आवाज येतच नाही. गाडी चढावर ओढत नाही, एवढंच जाणवतं. तेही लक्षणच समजा.

बाकीचे आवाज थोडक्यात. गाडी सुरू करताना किंचाळल्यासारखा आवाज बेल्टचा. ज्या गाड्यांत तोच बेल्ट वॉटर पंप फिरवतो तिथे बेल्ट घसरला की पाणी फिरणं मंदावतं. रेस केल्यावर वाढणारी घरघर बहुधा पंपाच्या बेअरिंगची. वरून येणारी टकटक म्हणजे ऑइल कमी, किंवा उष्णतेने पातळ झालेलं. फुसफुस आणि गोडसर वास म्हणजे कूलंट कुठेतरी गळतंय. आणि फॅनचा आवाज न येणं हाही पुरावा आहे: सिग्नलला तापणारी पण हायवेवर गार होणारी गाडी असेल तर आधी फॅन, त्याचा रिले आणि फ्यूज तपासा. उलट हायवेवर तापत असेल तर रेडिएटर तुंबलेला, पंप झिजलेला किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) अडकलेला.

थर्मोस्टॅटवरून एका समजुतीबद्दल बोलायलाच हवं. "आपल्याकडे गरमी आहे, काढून टाका तो वॉल्व्ह" हा सल्ला गावोगावी मिळतो. पितळी डबीत मेण, मेण वितळताना फुगतं आणि दांडी ढकलतं, एवढं साधं ते यंत्र. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात ते आणलं. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवून तापवा आणि थर्मामीटर धरा. ८२ अंशांच्या जवळपास (नेमका आकडा त्याच्यावर कोरलेला असतो) झडप हळूच तबकडीवरून उठते. पाणी आणखी दहा-बारा अंश तापेपर्यंत ती पूर्ण वर येते. उठली नाही तर शंभर-दोनशे रुपयांपासून मिळणारा नवा बसवा. काढून टाकलात तर इंजिन बराच वेळ थंडच चालतं, पेट्रोल जास्त जातं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. काही इंजिनांत तर हाच थर्मोस्टॅट गरम झाल्यावर आडमार्ग बंद करतो. तो नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी जास्त तापते. पण "पाणी फार जोरात फिरलं तर त्याला गार व्हायला वेळ मिळत नाही" हे थर्मोस्टॅट न काढण्याचं जे कारण सांगतात तेही चूक. तेच पाणी रेडिएटरमधून जास्त वेळा जातं. वेग वाढला की उष्णता जास्तच निघते.

गळती बुजवणाऱ्या बाटल्यांपासूनही सावध राहा. जो पदार्थ भोक बुजवतो, तो रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकतो. घाटात अमुक वळणावर गाडी बंद पडतेच, म्हणून तिथे नारळ फोडणारेही आहेत. नकाशा पाहिलात तर असं वळण पुष्कळदा सलग चढाच्या शेवटी असतं, म्हणजे इंजिन सर्वात तापलेलं असतं तिथे. नारळ फोडायचा तर फोडा, पण निघण्याआधी, इंजिन थंड असताना, कूलंटची बाटली बघा.

चढावर काटा नुसता सरकायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरम आणि पंखा जोरात लावा. हीटर म्हणजे दुसरा रेडिएटरच. उकाडा होईल, पण इंजिनाचं तापमान थोडं उतरतं. वाफ दिसली, लाल दिवा लागला किंवा हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली (म्हणजे तिथे पाणीच पोचत नाही) तर मात्र जागा मिळताच इंजिन बंद. तापलेल्या इंजिनावर बाटलीभर गार पाणी ओतू नका. अशाने हेड वाकतं आणि गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सीलबंद पट्टी) उडतं. मग रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा फेस. मशीन शॉपमध्ये हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पोलादी पट्टी) सरकवतात. छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपास फट मिळाली, म्हणजे साधारण केसाच्या जाडीपेक्षाही कमी, तरी हेड घासायला टाकावं लागतं.