ग्रुपवर रिप्लाय देणं (खान्देश)

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाचा तरी एक मेसेज धरून त्यालाच उत्तर लिहिणं म्हणजे रिप्लाय देणं. खाली नुसतं 'हो' टाईप करून सोडून देणं हा रिप्लाय नव्हे, जरी गावाकडे दोन्हीला रिप्लायच म्हणत असले तरी. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत भाऊबंदांपासून केळी-कापसापर्यंत सगळ्याचे ग्रुप आहेत, मेसेज टाकणं, फॉरवर्ड करणं कुणाला शिकवावं लागत नाही, पण रिप्लाय शिकवावा लागतो आणि शिकवणारा बहुतेक घरातला नातू नाहीतर सुट्टीत आलेला भाचा असतो.

करायचं एवढंच, मेसेजवर बोट ठेवून उजवीकडे सरकवायचं, तो मेसेज बारीक होऊन लिहायच्या पट्टीवर येऊन बसतो, मग लिहा आणि पाठवा. रिप्लायची सोय २०१६ मध्ये आली. त्याच वर्षी ग्रुपमध्ये १०० च्या जागी २५६ माणसं बसायला लागली आणि २०२२ मध्ये आकडा १०२४ वर गेला, म्हणजे एका मध्यम गावातली सगळी कर्ती माणसं एका पारावर बसून एकदम बोलायला लागली असं समजा.

आणि खरी अडचण तिथेच आहे. पारावर जिभाऊ 'नको' म्हटले तर कुणाकडे बघून म्हटले ते दिसतं. ग्रुपवर फक्त 'नको' दिसतं. आमच्या केळीवाल्या ग्रुपवरचा प्रसंग सांगतो, श्रावणातली झिमझिम चालू होती, सकाळी एकाने पानाचा फोटो टाकला, पिवळे पट्टे, पान आकसलेलं, सरळ सरळ सीएमव्ही, म्हणजे केळीवरचा विषाणूचा रोग. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्याने फोटो टाकला, पान पिवळं पण शिरा हिरव्यागार, म्हणजे फेरस (लोह) कमी पडलेलं, फवारणी केली की निभतं. दोघांचा प्रश्न एकच, 'काय मारू?' तेवढ्यात एका जाणत्या आबांनी लिहिलं, 'काही मारू नको, उपटून फेक, बांधावर ठेवू नको.' सल्ला शंभर टक्के बरोबर, सीएमव्हीला औषध नाही, मावा तो रोग झाडोझाडी नेतो म्हणून रोगट झाड बागेबाहेर काढून गाडायचंच असतं. पण आबांनी मेसेज सरकवला नव्हता. त्यांचा मेसेज जाऊन पडला दुसऱ्या फोटोखाली, आणि त्या पोराने दुपारपर्यंत चांगली अकरा झाडं उपटली. आबा संध्याकाळी म्हणे मी तर पहिल्याले सांगी ऱ्हायंतू. तेव्हापासून आबा इतके सरकवतात की गुड मॉर्निंगलाही रिप्लायच देतात.

दुसरं शिकणं आहे ते लिहायचं. अहिराणीत आणि तावडीत, म्हणजे आमच्याकडच्या बोलींत, ळ चा य होतो, डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, आणि कीबोर्ड मराठीचा असल्यामुळे 'शे' (म्हणजे आहे) लिहिलं की तो भलताच शब्द पुढे करतो. २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून टाईप करायची सोय दिली, पण तीही प्रमाण मराठीच ओळखते, धुळ्याच्या माणसाने 'कितला भाव शे' म्हटलं की तिकडे काय उमटेल याची खात्री नाही. म्हणून लोकांनी आपापली वाट काढली, तरणी पोरं अहिराणीच इंग्रजी अक्षरांत लिहितात, म्हातारी माणसं व्हॉईस पाठवतात. व्हॉईससुद्धा मेसेज सरकवूनच पाठवता येतो, हे निम्म्यांना माहीत नाही. पंधरा वर्षं बहिणीशी फोनवर अहिराणीतच बोललेला भाऊ ग्रुपवर तिला 'आपले आगमन कधी आहे' असं का लिहितो हे मात्र मला अजून कळलेलं नाही, बहुतेक लिहायचं म्हटलं की शाळेतले गुरुजी आठवत असावेत.

अंगठा दाखवणं हा रिप्लायचा शॉर्टकट. २०२२ पासून मेसेज दाबून धरला की इमोजी चिकटवता येतो. तो कशाला चिकटलाय ते दिसतं, म्हणून निदान गोंधळ होत नाही. चुकलं तर २०२३ पासून पंधरा मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो, पण तोवर वाचणाऱ्याने वाचलेलं असतं आणि त्याच्या खाली एडिटेड असंही दिसतं, मग 'आधी काय लिव्हलं व्हतं' अशी चौकशी सुरू होते.

एका प्रश्नाला मात्र ग्रुपवर सरळ रिप्लाय कधीच येत नाही. रावेर-यावलकडे सकाळी मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचा केळीचा भाव ग्रुपवर आला की सगळे तो पुढे पाठवतात, पण 'तुम्हाले व्यापाऱ्याने खरंच कितीने माल कापला?' असं कुणी विचारलं की ग्रुप गप्प. निळ्या टिक्स होतात, कुणीतरी हात जोडतो, कुणी विषय पावसावर नेतो. उत्तर असतं, पण ते ग्रुपच्या बाहेर त्या एकट्यालाच जातं, आणि तेही लिहून नाही, रात्री जेवणं झाल्यावर फोन येतो.