शि की त्सु, सो की न?

शिंदे आडनावाचा माणूस जपानी शिकायला लागला की काताकाना लिपीत आधी स्वतःचं आडनाव लिहून बघतो. अक्षरं तीनच: शि, न, दे. पण फराटे चुकले की तेच ‘त्सुसोदे’ होतं. (बरोबर लिहिलं तरी जपानी माणूस क्षणभर चपापतो, कारण त्यांच्याकडे ‘शिन्दे’ म्हणजे ‘मरून’. त्याला इलाज नाही.)

शि आणि त्सु, दोन्हींत दोन बारक्या रेघा आणि एक लांब फराटा. छापील अक्षरं नुसती बघून गिरवली की दोन्ही सारखीच उमटतात. खरा फरक हात कुठून कुठे गेला यात आहे. शिच्या बारक्या रेघा डावीकडे एकीखाली एक, जवळजवळ आडव्या, आणि फराटा खालून डावीकडून निघून उजवीकडे वर चढतो. त्सुच्या रेघा वरच्या बाजूला शेजारी शेजारी, बऱ्यापैकी उभ्या, आणि फराटा उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो.

एक बारकी रेघ कमी केली की शिचा न होतो आणि त्सुचा सो.

आपला हात चुकतो तो शि आणि न लिहिताना. देवनागरीत बहुतेक रेघा वरून खाली येतात, त्यामुळे खालून वर फराटा मारणं जिवावर येतं. बॉलपेनने रेघ सगळीकडे सारखीच जाड उमटते, म्हणून सुरुवात कुठली आणि शेवट कुठला तेही कळत नाही.

हिरागाना (जपानीची दुसरी लिपी) येत असेल तर सोपी खूण आहे. हिरागानातला शि सरळ खाली येऊन गळासारखा वर वळतो, म्हणून काताकाना शिच्या रेघांची डावी टोकं एका उभ्या ओळीत हवीत. हिरागानातला त्सु आधी आडवा जातो, म्हणून काताकाना त्सुची वरची टोकं एका आडव्या ओळीत.

घ-ध किंवा भ-म यांची गल्लत आपण संदर्भाने निभावून नेतो. काताकानात परदेशी नावं लिहितात आणि ती वाचणाऱ्याने पूर्वी कधी पाहिलेलीही नसतात, मग संदर्भ कुठून आणणार?

सरावाला दोन शब्द पुरतात. ‘शात्सु’ म्हणजे शर्ट, यात शि आणि त्सु दोन्ही येतात (‘शा’ लिहिताना शिला छोटा या जोडतात). अदलाबदल झाली तर ‘त्सुयाशि’. आणि ‘पासोकोन’ म्हणजे पर्सनल कॉम्प्युटर, त्यात सो आणि न.